गाव बरोबर, महिना चुकीचा

पत्र

ताई, आम्ही ह्यूस्टनला राहतो. माझे आई-बाबा कराडहून एप्रिलमध्ये आलेत, सप्टेंबरपर्यंत आहेत. बाबा 68 वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. आई 64, गुडघ्यांनी बेजार आणि पूर्ण शाकाहारी. बाबा मासे खातात. पोहता दोघांनाही येत नाही, पण समुद्र म्हटला की दोघंही खुलतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात चौघांनी मेक्सिकोला जायचं घाटतंय. नवऱ्याचं म्हणणं, कानकुनच्या एखाद्या मोठ्या रिसॉर्टमध्ये खाण्यापिण्यासकट पाच दिवसांचे पैसे भरून मोकळं व्हावं. मला ते पैसे भरल्याची खूण म्हणून बांधलेले मनगटावरचे पट्टे आणि तलावाकाठचा दिवसभराचा डीजे नको वाटतो. मी पुएर्तो मोरेलोस नावाच्या गावात अगदी वाळूवरचं एक छोटं तीन मजली हॉटेल शोधलंय, रात्रीला 140 डॉलर. फोटो बघूनच जीव निवला. नवरा म्हणतो, स्वस्तातलं शांत हॉटेल म्हणजे पुढच्या कटकटींची नांदी. आई-बाबांना तिथे जमेल का? खाण्याचं कसं? व्हिसाचं काय? नाव छापू नका, नवराही हे सदर वाचतो.

उत्तर

नाव छापलेलं नाही. तीन मजले आणि 140 डॉलर एवढ्यावरून नवऱ्याने ओळखलंच तर माझा इलाज नाही. ओळखलं तर बरंच, कारण या वादात त्याचंही थोडं खरं आहे.

आधी निकाल सांगते, कारणं मागून. छोट्या शांत हॉटेलात राहायचं हा तुमचा विचार पक्का ठेवा. पुएर्तो मोरेलोस हे गावही तुम्ही अगदी बरोबर हेरलंत. चुकलाय तो महिना. जुलैच ठरलेला असेल तर हॉटेल तसंच छोटं घ्या, पण गाव बदला आणि इस्ला मुहेरेस या बेटावर जा.

पुएर्तो मोरेलोस मला स्वतःला फार आवडतं, म्हणून हे लिहिताना जिवावर येतंय. कानकुनच्या विमानतळावरून दक्षिणेला निघालं की अर्ध्या तासाच्या आत येणारं हे कोळ्यांचं जुनं गाव. कानकुन हे शहर 1970 च्या दशकात सरकारने नकाशावर बोट ठेवून वसवलं. हे बंदर त्याच्या कितीतरी आधीचं. आतल्या जंगलातलं लाकूड आणि चिकूच्या झाडाचा चीक इथून बोटींवर चढायचा, आणि त्या चिकाचं पुढे अमेरिकेत च्युइंग गम व्हायचं. आपल्या डहाणू-घोलवडच्या चिकूचं माहेर याच जंगलांत आहे, हे आईंना सांगा. कराडच्या माणसाला परक्या मुलखात असा एखादा धागा लागतो. धक्क्याजवळ एक कललेला दीपस्तंभ आहे. 1967 च्या ब्यूला चक्रीवादळात तो वाकडा झाला आणि गावाने तो तसाच ठेवला. किनाऱ्यापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर प्रवाळाची भिंत आहे, 1998 पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. बाहेरच्या लाटा त्या भिंतीवर फुटतात आणि आत पाणी तळ्यासारखं राहतं. पोहता न येणाऱ्या माणसांना समुद्र हवा असेल तर यापेक्षा काय हवं?

फक्त ते पाणी जुलैत तुम्हाला दिसेल याची खात्री नाही. तुम्ही पाहिलेले फोटो डिसेंबर-जानेवारीतले असणार. साधारण एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत या किनाऱ्यावर सरगॅसम नावाचं तरंगतं समुद्री शेवाळ येतं. लालसर-तपकिरी झुबके, त्यांना मोहरीपासून वाटाण्याएवढे हवेचे फुगे. बोटात धरून दाबलं की टचकन फुटतात. चार झुबके असले तर पोरांना खेळायला गंमत. पण जोराचा लोट आला की गुडघाभर ढीग लागतात, उन्हात कुजतात आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. हा कुजका वायू श्वासालाही चांगला नाही. पाण्याचा रंग निळ्याचा चहासारखा होतो. हा त्रास 2011 पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत अटलांटिकमध्ये या शेवाळाचा पट्टा तयार होतो आणि वारा-प्रवाह त्याला कॅरिबियन बेटांवर आणि या पूर्व किनाऱ्यावर आणून सोडतात. मेक्सिकोचं नौदल समुद्रात आडवे पडदे लावतं, होड्यांनी ते गोळा करतं, हॉटेलांची माणसं पहाटेपासून पंजे आणि ढकलगाड्या घेऊन राबतात. मोठ्या रिसॉर्टकडे त्यासाठी यंत्रं आणि माणसं असतात. वीस खोल्यांच्या हॉटेलकडे दोन माणसं आणि एक ढकलगाडी. नवऱ्याच्या बाजूचा हा पहिला मुद्दा, आणि तो सोडून देण्यासारखा नाही.

दरवर्षी सारखं नसतं, दर आठवड्यालाही नसतं. फ्लोरिडातलं साउथ फ्लोरिडा विद्यापीठ उपग्रहाच्या चित्रांवरून दर महिन्याला या शेवाळाचा अंदाज जाहीर करतं. निघण्याआधी तो बघाच. पण आई-बाबांना घेऊन पाच दिवसांसाठी जाताना मी नशिबावर हवाला ठेवणार नाही.

मग कुठे? पॅसिफिकच्या बाजूला हे शेवाळ येत नाही, हे कुणीतरी तुम्हाला सांगेलच. खरं आहे. पण तिकडचा समुद्र वेगळा. पुएर्तो एस्कोंदिदोच्या सिकातेला किनाऱ्यावर लाटांवर स्वार होणारे जगभरातून येतात, यातच काय ते आलं. सिहुआतानेहोच्या खाडीसारख्या निवांत जागा तिकडे आहेत, पण जुलै म्हणजे तिथला पावसाळा. तो किनारा हिवाळ्यासाठी ठेवा, डिसेंबर ते मार्चमध्ये बांदेरासच्या उपसागरात देवमासे येतात तेव्हा. होल्बोश बेटाचं नावही कानावर येईल. सुंदर आहे, पण रस्ते वाळूचे. सर आली की डबकी, डबक्यांवर डास, आणि तिथवर दोन-अडीच तासांची गाडी आणि मग होडी. आईंच्या गुडघ्यांना हा द्राविडी प्राणायाम नको. कोझुमेल बेटाच्या पश्चिम बाजूला शेवाळ कमी लागतं, पण बऱ्याच ठिकाणी काठ धारदार खडकाचा आहे, शिडीने पाण्यात उतरावं लागतं. तेही बाद.

इस्ला मुहेरेस उरतं, आणि नाइलाज म्हणून उरतं असं नाही. कानकुनसमोरचं जेमतेम 7 किलोमीटर लांबीचं, चिंचोळं बेट. त्याच्या उत्तर टोकाला प्लाया नोर्ते हा किनारा वायव्येकडे तोंड करून आहे. शेवाळ पूर्वेकडून येतं, त्यामुळे इथे ते बऱ्यापैकी चुकतं. अगदी येतच नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण शेजारच्या किनाऱ्यांपेक्षा फार कमी. पाणी इतकं उथळ की बरंच आत गेलं तरी कमरेच्या वर चढत नाही, आणि लाट नावालाच. वाळू पांढरी, त्यामुळे उन्हं वर आली तरी पायाला फारशी चटकत नाही. आई साडी-सलवारीतच पाण्यात बसणार असतील तर खुशाल बसू दे. रविवारी तिथली मेक्सिकन कुटुंबं येतात, आजीबाई टी-शर्ट घालून पाण्यात बसलेल्या असतात, पोरं त्यांच्या अंगावर पाणी उडवतात, आणि कुणी कुणाकडे बघत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे बेट शांत कुठाय? दिवसा नाही. सकाळी दहाच्या सुमाराला कानकुनहून दिवसभराची पाहुणेमंडळी होड्या भरभरून येतात आणि चार-पाचला परत जातात. त्या वेळेत किनाऱ्यावरच्या बारमधून गाणी वाजतात. पण त्याच्या आधीचे तीन तास आणि नंतरची अख्खी संध्याकाळ तुमची. भर उन्हात तुम्ही तसंही आई-बाबांना वाळूवर बसवणार नाही. जुलैत तिथे दुपारी आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखं चिकचिकतं. तेव्हा पहाटे किनारा, दुपारी जेवण आणि वातानुकूलित खोलीत झोप, संध्याकाळी पुन्हा किनारा. घरचीच दिनचर्या, फक्त खिडकीबाहेर समुद्र. सूर्यास्तही पाण्यावरच होतो, पूर्वेकडच्या किनाऱ्यावर ती सोय नाही.

याहून शांत हवं असेल तर बेटाच्या पश्चिम कडेला साक बाहो हा भाग आहे. तिथे मोजकी छोटी हॉटेलं, पाणी शांत, रात्री किर्र. पण जेवायला, औषधाला, प्रत्येक गोष्टीला टॅक्सी किंवा भाड्याची गोल्फ गाडी. बाबांना सकाळी उठून पायी गावात चक्कर मारायची हौस असेल, आणि कराडच्या माणसाला ती असणारच, तर प्लाया नोर्तेच बरा.

जागा ठरली की हॉटेल. इथे एक गोष्ट आधी मनाशी धरा: हॉटेल शांत आहे की नाही हे हॉटेलवर फारसं नसतंच, ते त्याच्या डाव्या-उजव्या शेजाऱ्यांवर असतं. मालक कितीही सज्जन असला तरी शेजारच्या बारचा ढोल तो बंद करू शकत नाही. म्हणून हॉटेलचे फोटो बाजूला ठेवा आणि नकाशावर उपग्रहाचं चित्र उघडा. दोन्ही बाजूंना काय आहे? छत्र्यांच्या रांगा दिसल्या म्हणजे बार आहे. मोकळा प्लॉट दिसला तर आणखी वाईट. या किनाऱ्यावर मोकळा प्लॉट म्हणजे उद्याचं बांधकाम, आणि बांधकाम सकाळी सातला सुरू होतं. इस्ला मुहेरेसच्या गावात इदाल्गो नावाचा रस्ता आहे, खाण्याची ठिकाणं आणि बार यांनी भरलेला. त्याला लागून असलेल्या खोल्यांमध्ये रात्री उशिरापर्यंत गाणी ऐकू येतात. त्यापासून दोन-तीन गल्ल्या दूर राहा. पाहुण्यांचे अभिप्राय वाचताना नवे आधी लावा आणि त्यात स्पॅनिशमधले संगीत (música), गोंगाट (ruido) आणि बांधकाम (construcción) हे तीन शब्द टाकून शोधा. अमेरिकन पाहुणा उशा आणि नाश्त्याबद्दल लिहितो. मेक्सिकन पाहुणा त्याच्या भाषेत शेजारच्या जनरेटरबद्दल सरळ लिहून मोकळा होतो.

समुद्रासमोरचं आणि समुद्र दिसणारं यातही अंतर आहे. समुद्र दिसणारं म्हणजे बाल्कनीतून वाकून, डावीकडच्या पाण्याच्या टाकीपलीकडे निळी पट्टी दिसते, ते. खोलीचा क्रमांक विचारून घ्या.

आणि हो, मधल्या दराच्या हॉटेलात काय मिळत नाही तेही ऐका, म्हणजे तिथे गेल्यावर नवऱ्याला बोलायला जागा राहणार नाही. गरम पाणी यायला वेळ लागतो. गाद्या टणक असतात, आई-बाबांना त्या आवडतील, तुम्हाला नाही. बाल्कनीचा सरकता दरवाजा खाऱ्या हवेने अडकतो, तो थोडा उचलून ढकलावा लागतो. नळाची कडी हिरवट, आरशाच्या कडा काळ्या. समुद्राला चिकटून उभ्या असलेल्या इमारतीत शेवटी मीठच जिंकतं, तिथे दिवसातून चारदा पुसणारी फौज फक्त महागड्या हॉटेलांकडे असते. वाय-फाय खोलीत रडतं, स्वागतकक्षाजवळ चालतं. नवऱ्याला तिथून कामाचे फोन घ्यायचे असतील तर हे आधी सांगून ठेवा. नळाचं पाणी पिऊ नका. खोलीत किंवा जिन्याजवळ वीस लिटरचा मोठा जार ठेवलेला असतो, त्यातून बाटल्या भरायच्या. बऱ्याच जुन्या इमारतींत कागद संडासात टाकायचा नसतो, शेजारच्या डब्यात टाकायचा असतो. आणि तांब्या-मग नसतोच. एक प्लॅस्टिकचा मग बॅगेत टाका, आईंचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जिना. या छोट्या हॉटेलांना बहुतेक ठिकाणी लिफ्ट नसते, आणि सुंदर समुद्र दिसणाऱ्या खोल्या नेमक्या वरच्या मजल्यावर. आईंसाठी तळमजल्याची खोली मागा, तुम्ही दोघं वर राहा. तळमजला मिळणार नसेल तर ते हॉटेल सोडा, मग ते कितीही आवडलेलं असो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसातून चार वेळा दोन मजले चढायला लावून समुद्र दाखवण्यात काय अर्थ? हा नवऱ्याचा दुसरा बरोबर मुद्दा: रिसॉर्टमध्ये लिफ्ट असते, बऱ्याच ठिकाणी डॉक्टरही असतो.

पण त्याचा तिसरा मुद्दा, एकदा पैसे भरले की सुटलो, हा मला पटत नाही. खाण्यापिण्यासकटच्या दरात मोठा वाटा दारूचा आणि मांसाहाराचा असतो. तुमच्या चौघांत आई मांस खात नाहीत. आई-बाबा दोघंही पिणारे नसतील, असं मी धरून चालते. म्हणजे दोन माणसांसाठी तुम्ही न प्यायलेल्या कॉकटेलचे पैसे भरणार, आणि आई तिथे पाच दिवस सॅलड, भात आणि केक खाणार. त्यापेक्षा ओटा-शेगडी असलेली खोली बघा. मधल्या दराच्या हॉटेलांत अशा खोल्या मिळतात. मेक्सिकोत वीज आणि प्लग अमेरिकेसारखेच, तेव्हा ह्यूस्टनची विजेची किटली तशीच चालेल. बाबांचा सहाचा चहा पक्का.

खाण्याची तुम्हाला जेवढी धास्ती आहे तेवढी मला नाही, फक्त काही गोष्टी माहीत हव्यात. तिथे मांस नको म्हटलं की गाय-डुक्कर नको असं समजतात, कोंबडी येऊ शकते. म्हणून मांस नको, कोंबडी नको, मासा नको असं तीनदा सांगायचं. त्याहून लपलेल्या गोष्टी दोन: घेवड्याच्या दाण्यांची उसळ, म्हणजे फ्रिहोलेस, बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात, आणि तांबूस भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. चरबीला तिथे मांतेका म्हणतात आणि त्या पाण्याला काल्दो दे पोयो; सिन म्हणजे शिवाय. "सिन मांतेका, सिन काल्दो दे पोयो" हे दोन तुकडे आईंना पाठ करून द्या; स्वयंपाकघरातली बाई मान कशी हलवते त्यावरून कळतं काय खायचं, काय नाही. आधी विचारलं तर त्या वेगळं करूनही देतात, बायकाच असतात त्या, पथ्यपाणी कळतं.

निर्धोक काय? मक्याची टोर्टिया, म्हणजे तिथली भाकरी. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, वाटून केलेली; गव्हाच्या टोर्टियात चरबी असू शकते, मक्याच्या साध्या टोर्टियात नसते. गावात टोर्टियांचं दुकान शोधा. आत एक यंत्र खडखडत असतं, पट्ट्यावरून चपट्या चकत्या जाळावरून सरकत येतात, बाई त्यांची चळत तराजूत टाकते आणि कागदात गुंडाळून देते, किलोवर. कागदातून हाताला चटका बसतो इतक्या गरम. आईंनी नेलेली शेंगदाण्याची चटणी त्यावर घातली की भाकरीची आठवण तिथेच निघेल आणि तिथेच भागेल. नोपाल म्हणजे निवडुंगाच्या पानांची भाजी, भोपळ्याच्या फुलांची केसादिया (चीज घालून दुमडून भाजलेली टोर्टिया), भाजलेलं कणीस लिंबू-तिखट लावून, पपईवर लिंबू आणि तिखट, हे सगळं त्यांना आपलंच वाटेल. कणसाला अंड्याचं मेयोनीज चोपडतात, ते नको म्हणून सांगा. जमैका नावाचं लाल आंबट सरबत मिळतं, ते लाल अंबाडीच्या बोंडांचं. चिंचेचंही मिळतं. आबानेरो मिरचीच्या चटणीला मात्र "आम्ही कोल्हापूरकडचे" म्हणून कुणी भिडू नये. थेंबापासून सुरू करा. बाबांना मासा मिळेल, ताजा, भाजलेला. तिकिन शिक नावाचा युकातान द्वीपकल्पातला प्रकार या बेटावर खास करतात, आंबट संत्र्याच्या रसात आणि आचियोते नावाच्या लाल बियांच्या वाटणात मुरवून भाजलेला.

घरून नेताना बंद पाकिटातलंच न्या. कच्चं धान्य, बिया, फळं, घरचं तूप-खवा विमानतळावर अडकू शकतं.

व्हिसाचं त्यामानाने सोपं आहे. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण अमेरिकेचा चालू, अनेक प्रवेशांचा व्हिसा पासपोर्टवर असेल तर पर्यटनासाठी वेगळा लागत नाही. आई-बाबांचा पर्यटक व्हिसा तसा असेल तर प्रश्न मिटला. प्रश्न तुमचा असू शकतो. तुम्ही आणि नवरा कामाच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टवरचा शिक्का संपलेला असेल, नुसतं मुदतवाढीचं पत्र हातात असेल, तर तेवढ्यावर मेक्सिकोत प्रवेश मिळत नाही. आजच कपाटातून पासपोर्ट काढून तारखा बघा, तिकिटं नंतर. ग्रीन कार्ड असेल तर काळजी नाही. मेक्सिकोला जाऊन आल्यावर आई-बाबांची अमेरिकेतली सहा महिन्यांची मुदत नव्याने मोजली जाईल असंही धरू नका. मेक्सिकोत पासपोर्ट तपासणीच्या खिडकीवर परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण छापील हातात ठेवा, फोनमध्ये नको, आणि शिक्क्यावर किती दिवस लिहून दिलेत ते तिथेच बघा. अमेरिकेसाठी घेतलेला आई-बाबांचा आरोग्यविमा मेक्सिकोत चालतो का हेही विचारा. अनेकदा त्याला अटी असतात. बाबांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. बेटावर छोटे दवाखाने आहेत, मोठ्या दुखण्याला होडीने कानकुनला यावं लागतं. रक्तदाब ताब्यात असेल तर यात घाबरण्यासारखं नाही, पण एप्रिलनंतर कधी छातीत दुखलं वगैरे असेल तर बेट नको, मग सरळ नवऱ्याचं ऐका.

कानकुनला विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडताना एक दालन लागतं. तिथे गणवेशातली, हसरी, फळ्या हातात घेतलेली माणसं तुम्हाला टॅक्सी, माहिती, फुकटची सहल देऊ करतील. ही टाइमशेअर, म्हणजे सुट्टीच्या घरातला वर्षातल्या काही दिवसांचा हिस्सा, विकणारी मंडळी. बाबा सभ्यपणे थांबतील, त्यांचा हात धरून चालत राहा. तुमची आधी ठरवलेली गाडी बाहेर असते. ती पुएर्तो हुआरेसच्या धक्क्यावर सोडते, तिथून होडी वीस मिनिटांत बेटावर.

पैशांत दोनच गोष्टी. कार्ड ओढताना यंत्र डॉलर की पेसो विचारतं, नेहमी पेसो म्हणा. आणि 140 म्हणजे 140 नसतात: 16 टक्के मूल्यवर्धित कर, त्यावर निवासाचा कर धरलाय का ते बघा, शिवाय स्वच्छतेच्या नावाने रात्रीमागे थोडे पेसो हॉटेलच्या खिडकीवर घेतात. हा सगळा किनारा ज्यात येतो त्या किंताना रो राज्याचा परदेशी पाहुण्यांसाठी वेगळा पर्यटन करही 2021 पासून आहे, तो सरकारी संकेतस्थळावरच भरा. इस्ला मुहेरेसला प्लाया नोर्तेला लागून 140 मध्ये मिळणं मुश्कील, थोडे जास्त धरा किंवा वाळूपासून एक गल्ली आत सरका. किनारा तर सगळ्यांचाच असतो: मेक्सिकोत समुद्रकिनारे कायद्याने सार्वजनिक आहेत, वाट अडवणाऱ्याला दंड आहे. खुर्च्या हॉटेलच्या, वाळू नाही. बाबांनी सकाळी कुठल्याही महागड्या हॉटेलसमोरून खुशाल चालावं.

नवऱ्यासाठीही काहीतरी हवं. जून ते सप्टेंबरमध्ये या बेटाच्या उत्तरेला व्हेल शार्क हे अवाढव्य पण निरुपद्रवी मासे येतात, आणि होडीने जाऊन त्यांच्याजवळ पोहता येतं. होडी बरीच लांब जाते, खूप हलते, आई-बाबांनी जाऊ नये. तुम्ही दोघं एक सकाळ जाऊन या, ती दोघं तळमजल्याच्या ओट्यावर बसून चहा पितील. चार जुलैच्या सुट्टीत ह्यूस्टनची तिकिटं महाग आणि बेटही भरलेलं असतं. रजा एक आठवडा पुढे ढकलता आली तर ढकला. चक्रीवादळाचा हंगाम 1 जूनला सुरू होतो, जोर ऑगस्टपासून असतो, तरी आरक्षण रद्द करता येणारंच घ्या.

आणि पैसे भरण्याआधी हॉटेलला एक मेल करा. तळमजल्याची कोणती खोली देणार, तिथून वाळूपर्यंत किती पायऱ्या आहेत, शेजारी बार किंवा बांधकाम आहे का, त्या आठवड्यात हॉटेलात लग्न आहे का, आणि आज सकाळी किनाऱ्याचा काढलेला एक फोटो पाठवाल का, एवढंच विचारा. चांगल्या छोट्या हॉटेलात हे उत्तर मालकीणबाई स्वतः लिहितात, आणि फोटोत शेवाळ असलं तर तेही पाठवतात. चार दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं आणि त्यात जानेवारीचाच फोटो असला, तर यादीतलं पुढचं हॉटेल बघा.